एका मायक्रॉनहून पातळ

आज सगळ्या गाडीला सीलंट लावायचं नाही. नुसतं बॉनेट घ्यायचं. जूनचा पहिला आठवडा आहे, मृग तोंडावर आलाय, आणि एकदा पाऊस लागला की पुढचे चार महिने रंगावर काय काय येऊन बसेल ते आपल्या हातात राहणार नाही. आजची सकाळ मात्र आपली आहे. पार्किंगमध्ये छताखालची जागा असेल तर उत्तम. नसेल तर इमारतीची सावली अकरा-साडेअकरापर्यंत जिथे टिकते तिथे गाडी लावा. रात्रभर उभी असलेली गाडी हवी. बॉनेटवर तळहात टेकून पाहा. नुसता टेका, फिरवू नका, वर धूळ आहे. ऊब लागली तर थांबा. पत्रा गार झाल्याशिवाय यातलं काहीच नीट होत नाही.

दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, लांब धाग्यांचा धुण्याचा हातमोजा, चार स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, रुतलेला मळ काढायची क्ले, रंगावर संरक्षक थर धरणाऱ्या सीलंटची बाटली आणि ते लावायचा मऊ स्पंज एवढं सामान हाताशी असू द्या. मोबाईल घरातच ठेवून या.

हात लावण्याआधी जरा उभे राहा आणि जे बसलंय ते पाहा. मे महिन्याची धूळ सगळीकडे सारखी नसते. बॉनेटच्या मागच्या बाजूला, वायपरच्या खाचेजवळ, सोनमोहोराच्या पिवळ्या पाकळ्या सुकून चिकटल्या असतील. गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर मधासारखे बारीक चिकट थेंब दिसतील. तो झाडाचा रस नाही, पानांवरच्या किडींनी सोडलेला गोड द्रव आहे. त्यावर धूळ बसून काळपट ठिपके होतात. कुठे पाखराची शीट असेल. आणि या सगळ्यांवर एक सपाट, करडा, निरुपद्रवी दिसणारा थर.

तो निरुपद्रवी नाही. शहरातल्या धुळीत बांधकामाची वाळू असते आणि वाळूत क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स श्रेणीवर क्वार्ट्झ 7 वर आहे, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. गाडीवरचा पारदर्शक लेप तर एक प्रकारचं प्लॅस्टिकच. म्हणजे या धुळीतला एकेक कण त्या लेपापेक्षा कितीतरी कठीण आहे. तो नुसता बसून राहिला तर काही बिघडत नाही. कोरडं फडकं घेऊन आपण त्याला ओढत नेतो तेव्हा बिघडतं. या एका गोष्टीवर थोडा वेळ मन ठेवा. गाडी खराब करणाऱ्या गोष्टींची यादी करायला सांगितली तर आपण ऊन, पाऊस, पक्षी, झाड अशी नावं घेऊ. रोज सकाळी प्रेमाने मारलेला कोरडा हात त्या यादीत कुणीच धरत नाही.

आता पाणी. आधी नुसतं वरून सोडा, मगाने किंवा पाइपने, कुठेही हात न लावता. जे पाण्याबरोबर स्वतःहून जायला तयार आहे त्याला जाऊ द्या. घाई करू नका, हा टप्पा लांबला तर चांगलंच. शीट वाळली असेल तर त्यावर ओलं फडकं पाच मिनिटं नुसतं ठेवा, ती मऊ होईल आणि उचलून घेता येईल. मग एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शॅम्पूत बुडवा, बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत न्या, दाब न देता, मोज्याच्या स्वतःच्या वजनाने. दोन-तीन पट्टे झाले की साध्या पाण्यात खळबळून घ्या, मग पुन्हा शॅम्पूत. साध्या पाण्याची बादली तळाशी गढूळ होत जाईल. तो गाळ पाहा. एकच बादली असती तर तो परत बॉनेटवर गेला असता.

पाण्याचा विचार मनात येतो आणि यायलाच हवा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, त्या राज्यात आपण गाडी धुतोय. सीलंट लावलेल्या गाडीची मळ धरण्याची सवय कमी होते, पुढची धुणी कमी पाण्यात उरकतात. या कामाच्या बाजूने मला सगळ्यांत आधी हे कारण द्यावंसं वाटतं, चकाकी नंतर.

पाणी टिपताना फडकं घासू नका. पसरवून ठेवा आणि दोन टोकं धरून हलकेच ओढा. बोअरवेलचं पाणी असेल तर एकही थेंब वाळू देऊ नका. थेंब उडून जातो, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मागे राहतं, आणि उन्हात वाळलेली ती पांढरी कड पुढे सहजासहजी निघत नाही.

बॉनेट कोरडं झालं. आता खरं पाहायचं. टॉर्च घ्या, किंवा पार्किंगमधल्या एखाद्या दिव्याचं प्रतिबिंब बॉनेटवर शोधा. गुडघे थोडे वाकवा, नजर पत्र्याच्या जवळ आणा. दिव्याच्या भोवती बारीक रेघांची वर्तुळं दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी. नवी गाडी असली तरी दिसतील. डोकं डावीकडे न्या, वर्तुळंही डावीकडे सरकतील. म्हणजे रेघा वर्तुळात नाहीत. त्या सगळ्या दिशांना, वेड्यावाकड्या, संपूर्ण बॉनेटभर पसरलेल्या आहेत. प्रकाशाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या चमकतात, बाकीच्या त्या क्षणी अदृश्य राहतात. जिथे पाहाल तिथे वर्तुळ, कारण ओरखडे सगळीकडे आहेत. नखाचं टोक अगदी हलकेच एका रेघेवरून फिरवा. नख अडलं नाही तर ती उथळ आहे. अडलं तर ती खोल गेलीय आणि आज आपण तिच्यासाठी काही करू शकणार नाही. तिला तशीच राहू द्या.

आता डोळे मिटा. हात बॉनेटवरच असू दे. पृष्ठभाग धुतलेला आहे, आता टेकायला हरकत नाही. मनाने खाली उतरायचं आहे, थरामागून थर.

बोटांखाली आत्ता जे लागतंय त्याला क्लिअर कोट म्हणतात. रंगहीन लेप, बहुधा 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉन भरतो, म्हणजे हा लेप केसाहूनही बारीक. ऊन सोसण्यासाठी कारखान्यातच या लेपात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात, शिवाय किरणांनी सुरू झालेली मोडतोड मध्येच थांबवणारी वेगळी रसायनंही. थोडं खाली उतरा. इथे रंग आहे. शोरूममध्ये ज्याच्यासाठी घरातल्या सगळ्यांनी मतं दिली, जो मिळावा म्हणून महिनाभर जास्त थांबायची तयारी दाखवली, तो पांढरा, लाल किंवा निळा थर जेमतेम 15 ते 20 मायक्रॉन आहे. त्याखाली प्रायमर, सुमारे 30 ते 40 मायक्रॉन. अजून खाली करडा, कधीच न दिसणारा थर, विजेच्या साहाय्याने चढवलेला. चाकणसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून त्यात विद्युतप्रवाह सोडतात, रंगाचे कण पत्र्याच्या कानाकोपऱ्यात, पोकळ्यांच्या आतही जाऊन बसतात आणि मग भट्टीत 160-180 अंशांना भाजून पक्के होतात. गंज थोपवून धरणारा थर हा. आणि त्याच्या खाली पत्रा, साधारण पाऊण मिलिमीटर.

डोळे उघडा. ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो ते सगळं मिळून 100 ते 150 मायक्रॉन. आणि त्यातही ऊन, वारा, फडकं, शीट या सगळ्यांना तोंड देतो तो फक्त वरचा.

तो वरचा थर एकदाच मिळतो. मागे असं नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी ज्यांच्या घरी होती त्यांना आठवेल, रबिंग पॉलिश मारताना फडकं गाडीच्याच रंगाचं व्हायचं. निळ्या गाडीचं फडकं निळं, काळीचं काळं. वर पारदर्शक लेप नव्हताच, रंग उघडाच असायचा. उन्हाने त्याची वरची कातडी खडूसारखी फिकट व्हायची आणि ती घासून काढली की खालचा ताजा रंग वर यायचा. गाडी उजळायची, तेवढीच झिजायची. आजच्या गाड्यांवर फडकं रंगत नाही, त्यामुळे झीज दिसत नाही. पण पॉलिश अजूनही तेच करतं. ओरखड्याच्या तळापर्यंतचा लेप खरवडून पृष्ठभाग सपाट करणं म्हणजे पॉलिश. एकेका जोरकस पॉलिशमध्ये काही मायक्रॉन जातात आणि ते परत भरता येत नाहीत. गॅरेजमध्ये फिरतं मशीन घेऊन अर्ध्या तासात गाडी आरशासारखी करून देतात तेव्हा आपण देखणेपणा विकत घेत नसतो, साठ्यातून काढून घेत असतो. कधी तेही करावं लागतं. दरवर्षी करू नये.

सीलंट याच्या उलट आहे. ते काढत नाही, घालतं. आणि जे घालतं ते पुढे झिजावं म्हणूनच घालतं. ज्याची भरपाई होत नाही त्याच्या पुढे भरपाई होऊ शकणारं काहीतरी उभं करायचं, एवढाच आजच्या सकाळचा बेत आहे.

पण अजून बाटली उघडायची नाही. धुतलेलं बॉनेट स्वच्छ आहे का, हे डोळ्यांना विचारून झालं. आता हाताला विचारू. घरातली एखादी पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला, तांदूळ-डाळ बांधून येते तशी. पिशवी घातलेली बोटं बॉनेटवरून अगदी संथ फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत लागलेल्या जागी आता रवाळ लागेल. त्वचेचं आणि पृष्ठभागाचं घर्षण पिशवीने बाजूला काढलं, आणि उरले नुसते उंचवटे. हे आत रुतलेलं आहे, पाण्याने जाणारं नाही. रस्त्याच्या डांबराचे शिंतोडे, वाळलेला चीक, दुसऱ्या कुणाच्या ग्रिलच्या रंगाची उडालेली फवारणी आणि लोखंड. हो, लोखंड. ब्रेक लागताना डिस्कचे तप्त कण उडतात आणि लेपात जाऊन बसतात. रेल्वेच्या रुळांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिंबं दिसतात ती हीच, गंजू लागलेली. मुंबईत लोकलच्या स्टेशनालगतच्या वाहनतळावर गाडी लावून कामाला जाणाऱ्यांनी एकदा आपली डिकी जवळून पाहावी. अशा कणांसाठी लोखंड विरघळवणारा वेगळा फवारा मिळतो. तो लोखंडाला भेटला की जांभळा होतो आणि खाली ओघळतो. वास वाईट असतो, तोंडावर रुमाल बांधा.

बाकीच्यासाठी क्ले. तदाओ कोदाते या जपानी संशोधकाच्या नावावर 1990 च्या दशकात याचं अमेरिकेत पेटंट झालं. दिसायला मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी वडी, पण तिच्यात अतिशय बारीक घासणारे कण असतात. अर्धी वडी मळून तळहाताएवढी चपटी करा. बॉनेटचा दोन वीत चौकोन शॅम्पूच्या पाण्याने भरपूर ओला करा आणि क्ले त्यावरून पुढे-मागे सरकवा. सुरुवातीला ती अडखळेल, किंचित खरखर ऐकू येईल. दाबू नका. काही वेळाने आवाज थांबेल आणि हात एकदम घसरू लागेल. तो बदल हातातच कळतो. तो चौकोन झाला. क्ले उलटून पाहा, तिच्यावर करड्या रेघा उमटल्या असतील. घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या आणि पुढच्या चौकोनाकडे वळा. खाली पडली तर ती वडी टाकून द्या, कितीही महाग असली तरी. जमिनीवरचा एक खडा पुरेसा असतो.

हे काम कंटाळवाणं आहे आणि तसंच राहू द्यावं. कंटाळा आला की हाताचा दाब वाढतो. तेवढ्यावर लक्ष ठेवा. दाब वाढलेला जाणवला की हात उचला, श्वास सोडा, मग पुन्हा टेका.

सगळं बॉनेट झालं, पाण्याने धुतलं, टिपलं. पिशवी पुन्हा घालून फिरवा. काचेसारखं लागेल. शेवटचा तेलकटपणा जायला हवा, म्हणून पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारून पुसून घ्या. आज या बॉनेटवर काहीही नाही. शोरूममधून आल्यापासून ते इतकं उघडं कदाचित पहिल्यांदाच आहे.

बाटलीत काय आहे ते समजून घेऊ, कारण बाजारात याबद्दल बरंच काही बोललं जातं. जुना मार्ग मेणाचा. ब्राझीलच्या ईशान्येला, सियारा आणि पियाउई या कोरड्या प्रांतांत कार्नाउबा नावाचा ताड होतो. कडक उन्हात पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. पानं तोडून, वाळवून, झोडून ते मेण पूड म्हणून काढतात. ते 82 ते 86 अंशांना वितळतं, नैसर्गिक मेणांमध्ये हे तापमान फार वरचं आहे. एका झाडाने स्वतःच्या पानासाठी केलेली तरतूद आपण गाडीवर चोळतो, हे मला नेहमी विलक्षण वाटत आलंय. पण गडद रंगाचं बॉनेट वैशाखाच्या उन्हात 70 अंशांच्याही वर तापू शकतं, आणि मेणाची पकड महिना-दोन महिन्यांत सुटते.

सीलंट म्हणजे मेणाऐवजी कारखान्यात घडवलेले बहुलक, बहुतेक वेळा सिलिकॉनच्या कुळातले. त्यांच्या रेणूंची एक बाजू पृष्ठभागाला धरून ठेवायला बनवलेली असते आणि दुसरी बाहेरच्या पाण्याला, मळाला थारा न द्यायला. म्हणून पृष्ठभाग उघडा हवा होता, म्हणून ती पिशवी, ती क्ले, तो अल्कोहोल. मधे मेण किंवा तेल राहिलं तर रेणू त्यालाच धरतात आणि पहिल्या दोन धुण्यांत दोन्ही निघून जातात. नीट बसलेलं सीलंट तीन-चार महिने टिकतं, गाडी सावलीत राहत असेल तर त्याहून थोडं जास्त.

टेफ्लॉनचं नाव घेऊन आपल्याकडे वर्षानुवर्षं कोटिंग विकलं गेलं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, 1938 मध्ये रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अचानक सापडलेला पदार्थ. तो 327 अंशांच्या आसपास वितळतो. तव्यावर त्याचा थर बसवायचा तर भट्टीत तेवढी उष्णता द्यावी लागते. पार्किंगमध्ये स्पंजने पुसून तो गाडीवर तसा बसणार कसा? सिरॅमिक कोटिंग मात्र खरोखर वेगळं आणि जास्त टिकाऊ आहे, पण त्याच्या जाहिरातीत 9एच लिहिलेलं असतं तेव्हा तो हिऱ्याजवळचा कठीणपणा नव्हे हे लक्षात असू द्या. तो पेन्सिलींच्या श्रेणीवरचा 9एच आहे. 9एचच्या शिशाने ओरखडा उठला नाही, एवढंच तो सांगतो. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा फार कठीण असतो. खर्च करणं न करणं ज्याचं त्याचं. मी साध्या सीलंटच्या बाजूचा आहे, कारण ते दर काही महिन्यांनी आपल्याला गाडीजवळ आणून उभं करतं.

आता उघडा. स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढं घ्या. अर्ध्या बॉनेटला तेवढं पुरतं. पुरणार नाही असं वाटेल. पुरतं. रेणूंचा जो थर पृष्ठभागाला धरणार आहे तो एका मायक्रॉनहूनही पातळ आहे, बाकीचं सगळं पुसून फडक्यातच जायचं आहे. जास्त लावल्याने जास्त रक्षण होत नाही, फक्त पुसताना जास्त घासावं लागतं. काचेकडून हेडलाइटकडे सरळ रेषा ओढा, मग तिच्या शेजारी दुसरी, थोडी पहिलीवर चढवून. तिरपं पाहिलं तर ओलसर धुकट पट्टा दिसेल इतकंच. एक रेषा संपल्यावर श्वास घ्या, दुसरी सुरू करा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपासून दूर राहा, तिथे पांढरे डाग राहतात.

झालं. स्पंज खाली ठेवा. आता वीसेक मिनिटं काहीच करायचं नाही.

हा मोकळा वेळ मला या साऱ्या कामातला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बॉनेट समोर धुरकट होत जातंय. इतका वेळ घासून चकचकीत केलेली वस्तू आपण स्वतःच मंद केली आणि आता तिला हात लावायचा नाही. खुर्ची असेल तर बसा. या वेळात स्वतःला सरळ विचारा की हा थर नेमकं काय करणार आहे, आणि काय करणार नाही.

किल्लीचा ओरखडा थांबणार नाही. शेजारच्या गाडीचं दार लागलं तर पोचा पडेलच. इतका पातळ थर ऊनही फारसं अडवू शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो. उन्हाशी खरी लढत खालच्या क्लिअर कोटमधली द्रव्यंच देतात. शीट पडली तर तिच्यातलं युरिक आम्ल थोडा वेळ अडेल, तासन् तास नाही. उन्हात तापून सैलावलेला लेप वाळणाऱ्या शिटेभोवती आवळतो आणि तिची खूण घेऊन बसतो, ती खूण सीलंट पूर्ण टाळू शकत नाही. मग उरतं काय? उरते पकड. मळ, मीठ, चीक, पाण्यातली खनिजं यांना पृष्ठभागावर रोवून बसायला जागा मिळत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर खारी हवा रोज एक पापुद्रा चढवते, तो नुसत्या पाण्याने उतरतो. पुढच्या वेळी हातमोजा कमी फिरवावा लागतो, आणि कमी फिरवला की वाळूचे कण कमी ओढले जातात. रक्षण जे होतं ते असं, वळसा घेऊन. सीलंट ओरखडा अडवत नाही, ओरखडा पाडणाऱ्या हाताचं काम कमी करतं.

पाऊस पडेल तेव्हा बॉनेटवर थेंब उभे राहतील, आणि ते पाहून आनंद होतो. परसात अळू असेल तर त्याच्या पानावर हेच आणखी सुंदर दिसतं. तिथे पाणी जवळजवळ पूर्ण गोल होऊन धावतं, कारण पानावर नुसतं मेण नाही, सूक्ष्म उंचवटे आहेत आणि थेंब त्यांच्या टोकांवर, हवेवर तोललेला असतो. बॉनेट गुळगुळीत आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर रसायन कितीही चांगलं असलं तरी थेंबाच्या कडेचा कोन 120 अंशांच्या फार पुढे जात नाही. अळूच्या पानावर तो 150 च्याही वर जातो. त्यामुळे गाडीवरचे थेंब थोडे बसकेच राहणार, आणि गाडी उभी असेल तर तिथेच वाळणार. सीलंट उत्तम आहे की नाही याची परीक्षा थेंबांवरून करू नका. धुताना मळ किती सहज सुटतो यावरून करा.

वीस मिनिटं झाली असतील. बॉनेटच्या एका कोपऱ्यात बोटाने छोटी रेघ ओढा. रेघ स्वच्छ, कोरडी उमटली आणि कडेला पूड सुटली तर वेळ झाली. पसरट डाग पडला तर अजून बसा. हवा दमट आहे, जूनमध्ये वेळ लागतोच. बाटलीवर लिहिलेली मिनिटं दुसऱ्या कुठल्यातरी हवेतली असतात, बोटाचं ऐका.

आता मऊ मायक्रोफायबर चार घड्या करून घ्या. पहिल्या बाजूने पूड उचला, सरळ, हलक्या हाताने. फडकं उलटा, दुसऱ्या बाजूने परत एकदा. धुकं निघून जातं आणि खालून रंग वर येतो, सकाळी होता त्याहून खोल वाटणारा. त्या रंगात नवं काही मिसळलेलं नाही. क्लेने रुतलेला मळ उपसला, वर सूक्ष्म खाचांत थोडं द्रव्य भरलं, प्रकाश आता कमी विखुरतो. टॉर्च पुन्हा धरून पाहा. वर्तुळं आहेत. जराशी दबलीत, पण आहेत. ती पुसून टाकायची असती तर पॉलिश घ्यावं लागलं असतं आणि त्यासाठी साठ्यातले मायक्रॉन द्यावे लागले असते. तुमच्या रोजच्या वापराच्या गाडीवर ती असू द्यावीत असं माझं मत आहे.

आज रात्रीपर्यंत, जमलं तर उद्या सकाळपर्यंत बॉनेटला पाणी लागू देऊ नका. रेणूंना पृष्ठभाग पुरता धरायला बारा ते चोवीस तास लागतात. ढग आले तर गाडी आतच राहू द्या. दुसरा हात द्यायचा असेल तर तो उद्या दुपारनंतर. पहिल्या हातात सुटलेल्या जागा त्याने भरतात, तिसऱ्याची गरज नसते. टप, डिकी, दारं पुढच्या रविवारी, पाऊस थांबला तर.

एक काम आजच करा. रोज सकाळी तुमची गाडी पुसायला जे दादा येतात त्यांच्याकडे वीस गाड्यांसाठी एक बादली आणि एक पिवळं फडकं असतं, आणि त्या वीस गाड्या ऑफिसच्या वेळेआधी उरकायच्या असतात. बारीक वर्तुळांचा दोष त्यांना देणं अन्याय आहे, त्यांना साधनं आणि वेळ कुणी दिलेलीच नाहीत. त्यांच्यासाठी दोन चांगली मायक्रोफायबर आणि एक वेगळी बादली आणा. त्यांना सांगा, "दादा, ज्या दिवशी धूळ असेल त्या दिवशी नुसतं पाणी मारा, नाहीतर तशीच सोडा. कोरडी पुसू नका. पैसे तेवढेच." शेवटचे दोन शब्द आवर्जून सांगा, कारण गाडी पुसलेली दिसली नाही तर पगार कापला जाईल ही भीती त्यांना खरोखर असते.

आणि आज वापरलेली फडकी घरच्या कपड्यांत टाकू नका. सुती कपड्यांचे तंतू त्यांना चिकटतात. सौम्य साबणात वेगळी धुवा, कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा लेप धाग्यांवर बसला की फडकं पाणी टिपेनासं होतं. क्ले आणि सीलंटची फडकी वेगळ्या पिशव्यांत ठेवा. सावलीत, वळचणीखाली वाळत घाला. पावसाच्या दिवसांत त्यांना दोन दिवस लागतील.